मिळून सत्तावन्न

“तुझ्या आईचं खरं वय किती? अर्जात काय लिहू?” मीनाक्षीने विचारलं.

“तेच तर माहीत नाही ना, मॅडम,” कावेरी म्हणाली.

रविवारची दुपार. अथालजवळ दमणगंगेच्या काठावर दोघी बसल्या होत्या. कावेरीची माय, पुतळाबाई, डोळ्यांवर पदर घेऊन करंजाच्या सावलीत आडवी झाली होती. नदी वाहतेय की तीही झोपलीय, हे सांगणं कठीण होतं.

अडचण साधी होती, पण जीव टांगणीला लावणारी. मायलेकी मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. नव्या ठेकेदाराने फर्मान काढलं होतं, पंचेचाळीस पूर्ण झालेली बाई नको. पुतळाबाईला ओळखपत्राच्या कार्डाप्रमाणे पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण होत होती. आता या बाईच्या डोक्यात एक पांढरा केस नाही, खोकी उचलायला लागली तर तरण्या पोरींना दम लागतो. पण कार्डापुढे माणसाचं कोण ऐकतं!

मीनाक्षी मूळची नाशिकची, त्याच कारखान्यात क्वालिटीची इंजिनीअर. कावेरी बाहेरून दहावीला बसत होती आणि मीनाक्षी तिला दर रविवारी बीजगणित शिकवायची. सरकारी डॉक्टर तपासून वयाचा दाखला देतात, हे तिनेच शोधून काढलं होतं. मात्र अर्जात आधी आपण आकडा लिहायचा असतो.

“कार्डावर हे वय घातलं कुणी?”

“मायनेच. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही धडगावकडून खानवेलला आलो ना, तेव्हा कार्ड काढणाऱ्या साहेबांनी विचारलं, वय किती? मायने पदर पुढे ओढला नि सांगितलं, तीस लिवा. त्यांनी लिहिलं.”

“आणि तुझं?”

“माझं हेडमास्तरांनी. ज्याची तारीख नाही त्याला एक जून. आमच्या वर्गात अठ्ठावीस जणांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा,” कावेरी हसली. “सालही त्यांनीच टाकलं, उंची बघून. मी बुटकी होते.”

मीनाक्षी एकदम ताठ बसली. “अगं, मग हे आपलं गेल्या रविवारचंच उदाहरण! आईचं वय एक्स, तुझं वाय. दोन अटी शोध, सुटेल.”

“एका अटीत नाही भागणार?”

“एका अटीत वाटेल तेवढी उत्तरं बसतात. काहीही खरं ठरतं. दोन अटी शेजारी मांडल्या, की एकच उरतं.”

पहिली अट कावेरीच्या पिशवीतच होती. त्यांच्या घरात जन्मापासून दर होळीला माणसामागे एक गाठ मारायची रीत होती, आणि मायलेकींच्या गाठी एकाच दोरीत होत्या. कुठली कुणाची ते ओळखू येत नसे. कावेरीने त्या बोटांनी चाचपत मोजल्या. सत्तावन्न.

दुसरी अट माय एकदाच बोलली होती, तापाच्या ग्लानीत. कावेरीला तो प्रसंग अर्धवट स्वप्नासारखा आठवायचा. पत्र्याची खोली, कपाळावर ओली पट्टी आणि मायचा खोल गेलेला आवाज. ते शब्द तिने मीनाक्षीला जसेच्या तसे सांगितले. “खानवेलले उनूत तवय दोन दोऱ्या व्हत्यात. मनी दोरी दुमडी नि तुन्या दोरीशेजारी धरी. बराबर भरनी. मंग दोन्हीस्ले पीळ दिधा, एक करी टाकी.”

“खानवेलला आलात तेव्हा आईची दोरी दुमडल्यावर तुझ्या दोरीएवढी भरली,” मीनाक्षी पुटपुटली. “म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी आई तुझ्या दुप्पट होती. मांड!”

कावेरीने वही उघडली. एक्स आणि वायची बेरीज सत्तावन्न. दोघींतून पंधरा-पंधरा वजा केले, की एक्स वायच्या दुप्पट. लिहिता लिहिता तिचे डोळे जड झाले. ती अक्षरं तिला उन्हातून चालत येणाऱ्या दोन बायांसारखी दिसू लागली. एक पुढे, एक मागे. तिला त्या आवडल्या. बीजगणित तिला पहिल्यांदाच आवडलं.

तीन वाय बरोबर बहात्तर. वाय चोवीस.

“मी चोवीसची? कागदावर एकवीस आहे! आणि माय…” तिने घाईघाईने पुढची ओळ लिहिली. “तेहतीस! मॅडम, माय तेहतीसची आहे!”

आनंदाने तिला रडूच फुटलं. एका ओळीत मायची बारा वर्षं परत मिळाली होती. चाळीतली दुर्गा उगीच नव्हती म्हणत, दोघी बहिणी दिसता म्हणून. कावेरीला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. माय मात्र दोन-दोन दिवस दुर्गाशी बोलायची नाही.

मीनाक्षीने अर्जात तेहतीस लिहिलं, अर्ज पर्समध्ये ठेवला आणि स्कूटीची किल्ली काढली. “सकाळीच देते. तू ताळा करून ठेव. आणि वयाच्या उदाहरणात फरक कधी बदलत नाही, तोही काढून बघ. परीक्षेत विचारतात.”

स्कूटीच्या आवाजाने पुतळाबाई जागी झाली.

“निंघनं का उत्तर?”

“निंघनं, माय. तुझं काम जात नाही आता.”

पुतळाबाईने पदराने लेकीचे डोळे पुसले, केस मागे सारले. मग तोंड धुवायला ती पाण्याकडे गेली. चालताना ती काहीतरी गुणगुणत होती.

कावेरीने ताळा केला. तेहतीस आणि चोवीस, सत्तावन्न. पंधरा वर्षांपूर्वी अठरा आणि नऊ, बरोबर दुप्पट. दोन्ही अटी जुळल्या. आता फक्त फरक राहिला होता. तेहतीसमधून चोवीस वजा करून तिने आकडा लिहिला, त्याच्याभोवती चौकोनही काढला, आणि मग पेन तिथेच थांबलं.

कावेरी जन्मली, तेव्हा तिची माय नऊ वर्षांची होती.