प्लगवरची तीट

आठही दिवे ओळीने लागले. हिरवा ठिपका एकपासून आठपर्यंत गेला आणि पुन्हा पहिल्यावर आला. कृतिकाने टेस्टर काढून पुढच्या वायरला लावला. तिथेही आठ. बाराच्या बारा वायरी ठणठणीत होत्या, आणि तरीही दवाखान्याचं नेटवर्क चालत नव्हतं.

तपासणीच्या खोलीत काढलेला डोळ्याचा फोटो डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर येता येता अर्ध्यातच अडकला होता. कृतिकाने तिथून फोटो काढणाऱ्या मशीनला पिंग करून पाहिलं. पिंग म्हणजे हाकच. शंभर हाका मारल्या, ओ आली चाळिसांना. बाकीच्या वाटेतच विरल्या.

"चारला देवयानी मॅडम येतील," नयन म्हणाला. तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला होता. वायरींवर नंबर टाकायचा काळा मार्कर नेहमीसारखा कानामागे खोचलेला. "त्यांना मी सांगतो कायतरी. तू टेन्शन घेऊ नको."

नयन तिचा नवरा. कोलशेतातल्या निम्म्या इमारतींत त्याच्या इंटरनेटच्या वायरी. प्लग बसवायला त्यानेच तिला शिकवलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, घरच्या ओटीवर बसून. पण हे काम डॉक्टर देवयानींनी तिला दिलं होतं. त्याच्यासमोरच म्हणाल्या होत्या, "कृतिका, हे तुम्ही करा. नीट झालं तर शिळफाट्याच्या नव्या दवाखान्याचंही तुमच्याच नावावर." संध्याकाळी नयनने पेढे आणलेले. सासरे, काळुरामशेठ, पेढा तोंडात टाकत म्हणाले, "म्हंजे आता तू हिच्या हाताखाली का रं?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने नयन.

काल संध्याकाळी शेवटचा प्लग बसला तेव्हा घरून सासूबाईंचा फोन आला. तान्ही छोटी कुणाकडे राहत नव्हती. "तू जा," नयन म्हणाला होता. "टेस्टिंग उद्या कर. कुलूप मी लावतो."

आता पुन्हा सासूबाईंचा फोन वाजला. "पोरगी उठलीय गो. कवा येशील?" मागून छोटीचं रडणं आलं आणि कृतिकाच्या छातीत दूध दाटलं. "चारनंतर निघते, आई," ती म्हणाली. मग जमिनीवर मांडी घालून तिने पहिला प्लग डोळ्यांजवळ धरला.

पारदर्शक प्लगमधून आठ तारा दिसत होत्या. केशरीला केशरी, हिरवीला हिरवी, निळीला निळी. जोडीने, ओळीत, दिसायला किती नीट. आणि तेच चुकलेलं. तिसऱ्या आणि सहाव्या जागेला एकाच पिळातल्या, एकमेकींना वेढे घातलेल्या दोन तारा लागतात. पिळातला जोडीदार बदलला तरी दिवे लागतात, पण बोलणं पोचत नाही. नवशिक्याची चूक. ओटीवर पहिल्याच दिवशी नयन म्हणाला होता, ही टेस्टरला दिसत नाही, हिला जप.

मी असं केलं? तिने प्लगवरचं रबरी टोपण मागे सारलं. खाली काळा ठिपका होता.

ती तिची तीट. बाळंतपणानंतर तिला काही आठवायचं नाही. गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का. म्हणून एकेक प्लग झाला की टोपणाखाली ती छोटीच्या डबीतल्या काजळाचं बोट टेकवायची. तीट लागली म्हणजे तो प्लग झाला. वरून कुणाला दिसायची नाही. एकदा नयनला सांगितलेलं, तर तो पोट धरून हसलेला. "वायरीला कुणाची दृष्ट लागते गं?"

तिने दुसरं टोपण सारलं. तिसरं. वायरींची दुसरी टोकंही पाहिली. सगळीकडे तोच चुकीचा क्रम, आणि सगळीकडे तीट. म्हणजे हात तिचाच.

"चोवीस टोकं," ती म्हणाली. "चोवीस वेळा तीच चूक केली मी."

"होतं गं." नयन उठून तिच्याजवळ बसला. तिच्या केसांत अडकलेला वायरीचा तुकडा त्याने हलकेच काढला. "रात्र रात्र जागतेस. परवा दुधाचं पातेलं जाळलंस, तसंच हे. शिळफाट्याचं मी बघतो. तू वर्षभर छोटीला बघ. मी काय परका आहे?"

इतक्या मायेने बोलला, की तिचे डोळे भरून आले. खरंच, मॅडमना सांगून टाकावं. डोकं जागेवर नाही माझं, काम यांना द्या. तिने अंगठ्याने डोळे पुसले. मग तोच ओला अंगठा, छोटीच्या गालावरून आंघोळीआधी फिरवते तसा, सवयीने तिटेवर फिरवला.

तीट पुसली गेली नाही.

तिने जोर लावून घासलं. ठिपका जिथल्या तिथे, काळाकुळकुळीत. अंगठा स्वच्छ. तिने दुसरा प्लग घेतला. तिसरा घेतला. मग पर्समधली काजळाची डबी उघडली, बोट टेकवून तळहातावर तीट लावली आणि अंगठा फिरवला. तळहातभर काळं पसरलं.

तिने पुन्हा प्लगवरच्या ठिपक्याकडे पाहिलं. मग ओढणीला हात पुसला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला आले होते. तिने कात्री उचलली आणि पहिल्या वायरीचं टोक छाटलं. प्लग टप्पकन फरशीवर पडला.

"अगं, आता कशाला? मी सांगतो ना मॅडमना."

तिने वायरीचं साल सोललं. केशरीचा पीळ सोडवला, मग हिरवीचा. मान वर केली नाही.

"नयन, तीट कशाची लावतात रे?"

"काजळाची," तो म्हणाला, आणि त्याचा हात आपसूक कानामागे गेला.