वस्तादांची लाज

“न्हाई म्हणजे न्हाई! बाईमाणसासमोर मी हे भांडं घेणार न्हाई!” काका खाटेवरून गरजले. मांडीचं हाड मोडलेलं, सकाळपासून लघवी दाबून धरलेली, आणि तालमीचा एवढा मोठा वस्ताद लाजेनं लालबुंद! सिस्टर बिचाऱ्या भांडं हातात धरून उभ्याच.

मी सरळ दादाला बोलावलं. माझा सख्खा भाऊ याच हॉस्पिटलात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं प्रवेश घेतला तेव्हा काका म्हणाले होते, “आपल्यात पैलवान झाले, नर्स कुणी झालं न्हाई. पोराला बांगड्या भरा!” तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

दादा आला, त्यानं पडदा ओढला आणि भुवईनंच मला बाहेर पिटाळलं. आतून काकांचं “हळू रे, बाळा” ऐकू आलं. मग असा लांबलचक सुस्कारा, की शेजारच्या खाटेवरचे आजोबासुद्धा हसले.

संध्याकाळी तालमीतली मंडळी भेटायला आली. दादाला गणवेशात पाहून एकजण खिदळला, “काय वस्ताद, पुतण्याची नर्सबाई केलीत व्हय?”

मला वाटलं, झालं, दादा परत मान खाली घालणार.

पण काका गुरगुरले, “हसू नगंस. उद्या तू आडवा झालास, तर तुझी लाज ह्योच राखणार हाय.” आणि त्यांनी दादाचा हात धरून उंच केला, आखाड्यात कुस्ती मारलेल्याचा करतात तसा!

मग काय, मी भर वॉर्डात शिट्टी मारली. सिस्टर ओरडल्या, पण टाळ्या वाजवत!