पोवारांनी विकलेला मेंदू

रोबो-झुंजीच्या क्लासात नाव घालायला कुमुदिनी इंगवले गेल्या, तेव्हा क्लास चालवणारे दिनकर पोवार सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आधी घरचा मिक्सर दुरुस्त करायला शिका, काकू."

आज काकूंचा पहिलाच रोबो शिरोलीच्या आखाड्यात पोवारांच्या रोबोसमोर उतरला. अंग जुन्या कुकरचं. मेंदू मात्र भंगारातला, जुना रोबो हरला म्हणून पोवारांनीच विकलेला. असा मेंदू आतली आठवण पुसून विकायचा असतो, पण पोवारांना तेवढीही गरज वाटली नव्हती.

त्यामुळे कुकरला पोवारांचा एकूण एक डाव पाठ होता. दोन मिनिटांत त्याने त्यांचा रोबो उताणा पाडला.

जिंकलेल्याने बाहेर येऊन मालकाला सलामी द्यायची, असा रिवाज. जाळीचं दार उघडलं. कुकर काकूंना ओलांडून सरळ पोवारांकडे निघाला. हरलेल्या रोबोला पोवार पान्याने कसे झोडपायचे, तेही त्याला पाठ होतं.

"काकू, बंद करा त्याला," पोवार भिंतीला टेकत म्हणाले.

रिमोट काकूंच्या हातातच होता. त्यांनी तो पर्समध्ये टाकला आणि सावकाश चेन ओढली.

"मला अजून मिक्सरच जमतोय हो," त्या म्हणाल्या.