उसनी श्रद्धा

"माते, माझं लेकरू माझ्यापाशी राहू दे. माते, माझं लेकरू..."

पॅरिसमधल्या त्या चर्चमध्ये गायकवृंदाचा आवाज अर्ध्या वाक्यावर तुटला. मागच्या बाकावर तालीम ऐकत बसलेली मी गारठले. हे शब्द माझे होते. दोन वर्षांपूर्वी इस्पितळात, आमच्या सोलांजच्या खाटेशी गुडघे टेकून मी हेच पुटपुटत होते, आणि लेकीचा श्वास थांबला तेव्हा नेमका इथेच माझा आवाज गेला होता. माझा नवरा गास्पार, या रचनेचा संगीतकार, पाठीमागे उभा होता. मला वाटलं, तोही तिच्यासाठी प्रार्थना करतोय. कसली प्रार्थना! हा बाबा माझे सूर टिपून घेत होता.

"गास्पार, वाक्य मध्येच का तोडलंस?" गायकवृंदाच्या संचालिकेने त्याला विचारलं. "गायकांना ते खोटं वाटतंय."

"खोटं कसं असेल? मी देव मानत नाही, पण या रचनेतली श्रद्धा माझ्या बायकोची आहे. अगदी अस्सल." त्याने मला हात केला. "ओदिल, जरा पुढे येऊन म्हणून दाखव ना. तेव्हा म्हणालीस, तसंच."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठले, पण ओठांवर ते शब्द येईनात.

"ती गेल्यापासून मी देवाशी एक शब्दही बोललेले नाही," मी म्हणाले आणि बोलता बोलता माझा आवाज फाटला.

गास्पारने लगबगीने खिशातली पेन्सिल काढली.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "अगदी असंच."