दारू सुटल्याचा सत्कार

व्यसनमुक्ती मंडळाच्या कार्यक्रमात विश्राम दळवींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यांची दारू सुटून वर्ष झालं होतं.

"आधीची वीस वर्षं कशी गेली, खरंच काही आठवत नाही," ते हसत म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग संयोजकांनी त्यांच्या बायकोला, शालनला, मंचावर बोलावलं. "वहिनी, दोन शब्द बोला."

"ह्यांची सुटली, चांगलं झालं," शालन म्हणाली. "ह्यांना काही आठवत नाही. मला सगळं आठवतं." संयोजकांकडे वळून तिने अगदी मनापासून विचारलं, "ते विसरायला मी काय घेऊ?"

विश्राम तिच्याजवळ सरकले. "शालन, मी मारायचो तुला?"

इतकी वर्षं शेजाऱ्यांना नाही म्हणत आलेली शालन पहिल्यांदाच हो म्हणाली.