चिखलाची वजाबाकी

प्रयोगशाळेतल्या हेमांगीने तेलविहिरीच्या नमुन्याची बाटली साहेबांच्या पेढ्यांच्या डब्याशेजारी आदळली.

“विहिरीत तेल नाही, साहेब! खोदताना आपण जो चिखल आत सोडतो, त्यात आपलंच तेल असतं. नमुन्यातून ते वजा केलं, तर बाकी शून्य.”

“बाई, वजाबाकी जरा सैल हाताने करा. मंत्री हार घालून घ्यायला निघालेत.”

“दुधातलं पाणी वजा करता येतं. इथे दूधच नाही!”

साहेब मिशीत हसले. “खाली सोडलेलं वर आलं ना? मग तेल सापडलंच की! सही करा आणि तोंड गोड करा.”

काडी न लावता सगळे बर्नर पेटावेत, इतकी हेमांगी तापली. तिने डब्यातला पेढा उचलला, साहेबांच्या नाकासमोर नाचवला आणि परत डब्यातच टाकला.

“अभिनंदन, साहेब! तुमच्या डब्यात पेढा सापडला!”