कालच पोहोचलेली लेक

माणूस मुक्कामी पोहोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा अनसूयाबाईंचा नेम. पूर्वी केतकी सॅन फ्रान्सिस्कोला निघाली की अकोल्यात दीड दिवस केर तसाच राही आणि लेक अजून घरातच आहे असं त्यांना वाटे.

आज गुरुवारी सकाळी ती घरामागच्या नव्या रॉकेटतळावरून उडाली आणि तेरा हजार किलोमीटर कापून बारा मिनिटांत तिचा फोन आला.

“पोहोचले गं आई. इथं अजून बुधवारची संध्याकाळ आहे.”

सून मयुरीने झाडू उचलला. “आई, ताई तर कालच पोहोचल्या की. झाडू आता?”

अनसूयाबाईंनी केतकीच्या अर्धवट राहिलेल्या चहाच्या कपाला हात लावला.

“काल पोहोचलेल्या माणसाचा चहा अजून गरम कसा गं? हा गार होऊ दे, मग झाड.”

आणि त्यांनी कपावर बशी झाकली.